वस्तू: लोकरीचा मफलर

४ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी जाब विचारते. पार्सल टाकून पंधरवडा उलटला आणि तुझ्याकडून पोचल्याचं एक अक्षर नाही. पोस्टातल्या बाईंना रोज विचारून मी इतकं भंडावलंय की आता मला पाहिलं की त्या उगाच तिकिटं मोजायला घेतात.

तुझ्या घराला कायम कुलूप, म्हणून पार्सल थेट तुझ्या पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर पाठवलं. पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही. म्हटलं, उघडेल तेव्हा कळेल आत्याचं आहे, तेवढीच गंमत. दुकानातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेतला, कसर लागू नये म्हणून चहूबाजूंनी टेप मारली, वर तपकिरी कागद आणि दुहेरी सुतळी. माझी गाठ तुला माहीतच आहे. आत वायरवाल्या सुयांची एक जोडीही घातलीय, गोल विणायला बऱ्या पडतात. दिवसभर लोकांच्या बेवारस पिशव्यांत बॉम्ब शोधत फिरतेस, घरी आल्यावर हाताला काहीतरी साधंसुधं काम हवं.

बाकी इथे ठीक. दुकान चालतंय, गुडघे चालत नाहीत. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, असता तर त्याने तुला या नोकरीत जाऊ दिलं असतं का, असा विचार मी अजून करते. मग आठवतं की त्याचं कधी तू ऐकलं नाहीस आणि माझंही नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘मी बरी आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटते.

आशीर्वाद.
आत्या


११ जानेवारी

आत्याबाई,

नमस्कार घे आणि राग गिळ. पार्सल मिळालं. कामाच्या गडबडीत कळवायचं राहून गेलं, चूक झाली.

स्वेटर अगदी अंगाबरोबर बसला. रंगही छान आहे. पथकातल्याच काय, सगळ्या ठाण्यातल्या लोकांनी बाहेर येऊन पाहिला. इतकं कौतुक माझ्या कुठल्या कपड्याचं आजवर झालं नव्हतं. सुयांना मात्र अजून हात लावायला जमलेलं नाही.

काम नेहमीचंच. माझा जोडीदार पैलवान (तोच, ज्याने तुझ्या दुकानात येताना दारात डोकं आपटून घेतलं होतं) सध्या रजेवर आहे. पाय घसरून पडला, खांद्याला लागलंय. काळजीचं काही नाही. तू गुडघ्याचं औषध वेळेवर घे, उगाच पोस्टात फेऱ्या मारत बसू नकोस.

मी बरी आहे.
ठमी


१६ जानेवारी

ठमे,

मी स्वेटर पाठवलाच नव्हता.

मफलर होता आणि मोज्यांचे दोन जोड. तर मफलर तुझ्या अंगाबरोबर कसा बसला, बाह्या कुठे आल्या, ते सविस्तर कळव. माझ्या दुकानात रोज बायका येतात, ‘नवऱ्यासाठी’ म्हणून सांगतात आणि स्वतःच्या मापाची लोकर नेतात. खोटं ओळखायला मला चष्मा लागत नाही.

आणि तो पैलवान. एवढा भरभक्कम गडी, चालताना आधी जमीन बघतो आणि मग पाय टाकतो, मी स्वतः पाहिलंय. तो पाय घसरून पडतो होय? दोन थापा एकाच पत्रात आल्या म्हणजे त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असणार, एवढं मला कळतं. मला आता धड सगळं लिही. नाहीतर पुढच्या गाडीने येते आणि तुझ्या साहेबांनाच विचारते.

आत्या


२१ जानेवारी

आत्या,

हरले. आधी खाली बस आणि मग वाच.

तुझं पार्सल ठाण्यात आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, जड डबा, चौफेर टेप. टपाल घेणाऱ्या हवालदाराला शंका आली, त्याने ते यंत्रातून पाहायला लावलं. पडद्यावर पत्र्याचा डबा आणि आत वेटोळी वायर दिसली. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. सगळं ठाणं रिकामं झालं. शेजारची दुकानं बंद केली, रस्ता अडवला. तू जगातली एकटी बाई असशील जिने पोलीस भाचीला प्रेमाने हुबेहूब बॉम्ब पाठवला.

आमच्यात त्याला ‘चालणं’ म्हणतात. वस्तूपर्यंत एकच जण जातो, दुसरा मागे थांबतो. जाण्याआधी घराची किल्ली जोडीदाराच्या हातात द्यायची आणि परत आल्यावर मागून घ्यायची. का, ते कुणी बोलत नाही. त्या दिवशी पाळी पैलवानाची होती. त्याने मला किल्ली दिली, तो जाड पोशाख चढवला आणि निघाला. त्या पोशाखाचं वजन म्हणजे एक धडधाकट पोरगं पाठुंगळीला घेतल्यासारखं. डोक्यावरच्या टोपात हवा खेळती ठेवणारा एक पंखा असतो, तो कित्येक महिने बंद आहे. मागणी वर पाठवली आहे, वर म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नाही.

पैलवानाने डब्यापाशी पाण्याचा फटका मारणारं यंत्र नीट लावलं. परत येताना पायऱ्यांवर त्याला भोवळ आली आणि तो त्या सगळ्या वजनासकट खाली आला. खांदा मोडला. मागाहून आम्ही डबा फोडला. हवेत निळी लोकर उडाली, ओली होऊन भिंतीला चिकटली. मला ते चिंध्या झालेलं काहीतरी स्वेटरसारखं वाटलं. कागदाच्या तुकड्याला तुझी गाठ तशीच शाबूत होती, तेव्हा मला कळलं कुणाचं पार्सल ते.

आता खरं दुखणं ऐक. आमचा नियम असा आहे की धोक्याचा भत्ता आणि दुखापत झाली तर पूर्ण पगाराची रजा, हे दोन्ही वस्तू धोकादायक निघाली तरच मिळतं. निघालं काय, तर लोकर. म्हणून कागदोपत्री पैलवान धोक्याच्या कामावर नव्हताच. त्याचा पगार अर्ध्यावर आला आहे. ही रजा संपली की त्याला पथकातून काढून सामानाच्या खोलीत बसवणार, कारण साध्या पडण्याने जायबंदी झालेला माणूस पथकात ठेवता येत नाही. त्याच्या घरी म्हातारी आई आहे आणि बायको दुसऱ्या खेपेची गरोदर आहे. तो एक शब्द बोलत नाही, उलट मलाच धीर देतो. म्हणून मीच अर्ज केलाय. त्या अर्जाची चौकशी समितीपुढे होणार आहे.

तुला सांगायचं नव्हतं, कारण तू जीवाला लावून घेशील. आता घेऊ नकोस.

ठमी


२५ जानेवारी

ठमे,

जीवाला लावून घेऊ नको म्हणे. तीन दिवस मी दुकानात निळ्या लोकरीच्या फळीकडे पाठ करून बसलेय. त्या पोराचा खांदा माझ्या हौसेपायी मोडला. मला चार अक्षरं नाव लिहायला काय झालं होतं?

पण ठमे, रडून झालं आणि मग मला संताप आला, तो आधी माझा आणि नंतर त्या नियमाचा. माझ्या दुकानात एक मुलगी कामाला आहे. गिऱ्हाईक येतं, अख्खी फळी खाली काढायला लावतं, सगळे रंग गालाला लावून बघतं आणि काही न घेता जातं. म्हणून मी त्या मुलीचा त्या दिवसाचा पगार कापत नाही. तिने माल दाखवला, तिचं काम झालं. तुम्ही तर जीव मुठीत घेऊन तिथवर जाता. आत बॉम्ब निघाला तर तुम्ही शूर आणि मोजे निघाले तर तुम्ही रिकामटेकडे? बॉम्बच निघावा अशी वाट बघायची का तुम्ही पगारासाठी? कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं, मला त्याला एकदा बघायचंय.

चौकशीची तारीख कळव. पार्सल माझं होतं, हे मी स्वतः येऊन सांगणार.

आत्या

ता. क. पैलवानासाठी मफलर घातलाय सुयांवर. रुंद विणतेय, म्हणजे हात गळ्यात बांधायलाही चालेल.


२ फेब्रुवारी

आत्या,

तारीख कळवणार नाही. येऊ नकोस. प्रवास लांबचा, तुझे गुडघे तसे, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते की तू समितीलाच फैलावर घेशील.

पहिली बैठक झाली. समिती तिघांची आहे. माणसं वाईट नाहीत. अध्यक्ष साहेब शांतपणे ऐकतात, मध्ये तोडत नाहीत, हे सुद्धा पुष्कळ झालं. मी पंख्याचं सांगितलं, पोशाखाचं सांगितलं. चालून आल्यावर रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, त्यासाठी कुणाशी बोलायची सोय नाही, हेही सांगितलं. ते सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग अध्यक्षांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, “पण बाई, आत लोकरच होती ना?”

खोलीतले सगळे हसले. कुत्सितपणे नाही, तसंच, सहज. एवढी वर्षं मी हे काम करतेय, रोज करतेय, आणि त्या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे मोठे साहेब नंतर म्हणाले, आता जास्त ताणू नकोस, तुझीही बदली होईल. पण मी सोडणार नाही. पुढच्या मंगळवारी शेवटची बैठक आहे, तोवर उत्तर शोधते.

अरे देवा, तारीख लिहून बसले. आता खोडत नाही. पण येऊ नकोस.

ठमी


१३ फेब्रुवारी

आत्या,

आलीस ती आलीस, मला न भेटता परत कशी गेलीस? मी पोशाख उतरवून, जबाब देऊन बाहेर येईपर्यंत तुझी गाडी सुटली होती. पैलवानाला विचारलं तर तो नुसता हसतो. समितीतलं कुणी काही सांगत नाही. मला फक्त माझ्या बाजूचं ठाऊक आहे, ते लिहिते.

त्या मंगळवारी मी चौकशीलाही होते आणि कामावरही होते. पैलवान पडल्यापासून माणसंच कमी आहेत, सुट्टी मागणार कुणाकडे? म्हणून आमची गाडी आवारातच उभी होती. मी बैठकीच्या खोलीत शिरणार तेवढ्यात पहारेकरी ओरडत आला की जिन्याखालच्या बाकाखाली बेवारस पार्सल आहे. क्षणात इमारत रिकामी झाली. फायली, चष्मे, अर्धे चहा तिथेच टाकून समितीसकट सगळे समोरच्या भिंतीआड गेले.

पाळी माझी होती. किल्ली द्यायला जोडीदाराकडे वळले. पैलवान साक्षीला आला होता, पण त्याचा एक हात बांधलेला आणि दुसऱ्यात माझं सामान. त्याने शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी हात पुढे करायला सांगितलं. टोप चढवला होता, घामाने काच धुरकटली होती, मला फक्त एक तळहात दिसला. त्यात किल्ली ठेवली आणि निघाले; ती अजून परत मिळालेली नाही.

वाटेत मागून कुणीतरी ओरडतंय असं वाटलं. टोपात शब्द पोचत नाहीत. जवळ गेले तर तपकिरी कागद, दुहेरी सुतळी आणि तीच गाठ. आत्या, मी ती गाठ शंभर गाठींत ओळखीन. पण ओळखीचं वाटलं म्हणून हात घालायचा नसतो, हे मला पहिल्या दिवशी शिकवलंय. गाठ कुणीही मारू शकतं, आणि पार्सल बाकाखाली एकटं असताना त्याला कुणी हात लावला ते मला कुठे माहीत? दोरीला आकडा लावून लांब सरकवलं, यंत्राने पाहिलं, मगच सोडलं. आत हिरवा मफलर होता. त्याला धक्का लागला नाही, पैलवानाचा हात सध्या त्यातच आहे.

आता तू सांग. भिंतीआड काय झालं? आणि खरं सांग, पार्सल विसरलीस की मुद्दाम ठेवलंस?

ठमी


१७ फेब्रुवारी

ठमे,

विसरले. देवाशपथ विसरले. तुझी आत्या हट्टी आहे, आचरट नाही.

गाडीतून उतरून थेट तिथे आले. बाकावर बसले, पार्सल पायाशी ठेवलं. पहारेकऱ्याने सांगितलं चहा मागच्या अंगाला मिळतो. गेले, प्याले, वर त्या चहावाल्याशी गुडघ्यांच्या तेलावर गप्पा मारल्या. परत येते तो सगळी माणसं माझ्याकडे पळत येतायत. मी म्हटलं, काय झालं? कुणीतरी म्हणालं, जिन्याखाली पार्सल. ते माझंच. पहिल्या वेळी नाव घातलं नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी म्हटलं हातानेच द्यायचंय तर नाव कशाला. ही माझी अक्कल.

तेवढ्यात तू आलीस, तो अवजड पोशाख घालून. पैलवान मला म्हणाला, आत्या, हात पुढे करा. मी केला. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. किल्ली ठेवलीस आणि गेलीस. ती किल्ली गरम होती, ठमे. मग मात्र मी ओरडले. अगं ते माझं आहे, मफलर आहे त्यात. भिंतीवरून निम्मी पलीकडे वाकून ओरडले, पहारेकऱ्याने मला कमरेला धरून मागे ओढलं. तू थांबली नाहीस.

शेजारी एक गृहस्थ छातीशी फाईल धरून उभे होते. तेच तुझे अध्यक्ष, हे मला मागाहून कळलं. ते पैलवानाला म्हणाले, या बाई सांगतायत त्यांचंच पार्सल आहे, मग ती कशाला जातेय? पैलवान म्हणाला, साहेब, बाई खरं बोलतायत हे आपल्याला कसं कळणार, आणि बाई चहाला गेल्या तेवढ्यात तिथे कोण येऊन गेलं तेही कळणार नाही. कुणीतरी जाऊन बघेपर्यंत तो बॉम्बच असतो. त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं मी गिऱ्हाइकाला लोकर धुवायची कशी ते सांगते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. मी दोन्ही हातांनी ती किल्ली आवळून उभी होते. ते म्हणाले, “बाई, तुम्हाला तर माहीत आहे ना आत काय आहे?”

मी म्हटलं, “साहेब, इथे जमलेल्या सगळ्यांत फक्त मलाच माहीत आहे. मीच विणलाय. तरी माझी ही अवस्था आहे. तिला तर तेही माहीत नाही, आणि ती जातेय.”

तू परत येईपर्यंत अध्यक्ष तसेच भिंतीआड उभे राहिले. तुझ्या साहेबांनी त्यांना आणखी मागे जायला सांगितलं तरी हलले नाहीत. तू टोप काढलास तेव्हा तुझे केस असे निथळत होते की नळाखाली धरलेत असं वाटावं. त्यांनी पैलवानाला विचारलं, पंखा तो हाच का. त्याने मान हलवली. मग त्यांनी माझा जबाब घेतला. पहिलं पार्सल माझं, दुसरंही माझं, दोन्हीच्या चुका माझ्या, आणि दोन्ही वेळा चालणाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, असं मी लिहून दिलं.

तुला न भेटता गेले, कारण भेटले असते तर तुला ती नोकरी सोड म्हणाले असते. गाडीत बसल्यावर तो विचार गेला. ज्या वाटेने दुसऱ्या कुणाची पोर गेलेलीही मला बघवणार नाही, ती वाट तू चाललीस. मला तुझा भयंकर अभिमान वाटला. हे मी तोंडावर कधी बोलणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुझी किल्ली माझ्याच मुठीत राहिली. घरात कशी शिरलीस?

आत्या


२० मार्च

आत्याबाई,

नमस्कार, आणि आता तुझ्या त्या मुलीला दुकान सांभाळायला सांग, कारण हे पत्र उभ्याने वाचायचं नाही.

निकाल लागला. वस्तू काय निघाली हे यापुढे पाहायचं नाही. ज्या क्षणी माणूस चालायला निघाला, त्या क्षणापासून तो धोक्याच्या कामावर. भत्ता त्याप्रमाणे, दुखापत झाली तर पूर्ण पगार, आणि बरा झाल्यावर परत त्याच पथकात. पैलवानाला कापलेला पगार परत मिळाला. जुन्या चालण्यांचे पैसे मात्र दिले नाहीत, त्यासाठी पुन्हा भांडायचं आहे आणि मी भांडणार आहे. पंखा दुरुस्त झाला. दुसरा पोशाख मंजूर झालाय, येईल तेव्हा खरा. बोलायला एक डॉक्टर बाई आठवड्यातून एकदा येतात. सगळ्यात आधी त्यांच्याकडे आमचे मोठे साहेब गेले, हे कुणाला सांगू नकोस.

पैलवानाला मुलगी झाली. तो अजून जड उचलू शकत नाही, म्हणून टेबलाशी बसून आमच्या नोंदी लिहितो, आणि दर वेळी अक्षर वाईट म्हणून स्वतःवरच चिडतो. पुढच्या महिन्यात परत चालायला लागेल.

किल्लीचं म्हणशील तर कुलूपवाल्याला बोलावून कुलूप तोडलं. तोडून झाल्यावर शेजारच्या काकू दार उघडून म्हणाल्या की दुसरी किल्ली त्यांच्याकडेच होती, मीच ठेवायला दिलेली.

आणि काल तुझं पार्सल आलं. त्याच्या सहाही बाजूंना तू ठळक अक्षरांत स्वतःचं नाव, दुकानाचं नाव आणि ‘ठमीची आत्या’ असं लिहिलं होतंस. टपालवाला हवालदार पोट धरून हसला. तरी त्याने ते यंत्रातून पाहिलंच, आणि आत पुन्हा वेटोळी वायर. आत्या, सुया नको म्हणून मी किती वेळा सांगू? नाव कुणीही लिहू शकतं, त्यामुळे पुन्हा ठाणं रिकामं झालं. पाळी माझी होती. नव्या कुलपाची किल्ली पैलवानाच्या हातात दिली आणि चालत गेले. टोपात पंखा घरघरत होता, काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. या वेळी पाण्याचा फटका मारावा लागला नाही. आत निळा मफलर, मोजे, सुया आणि माझी जुनी किल्ली, जी आता कुठल्याच कुलपाला लागत नाही.

परत आले तेव्हा पैलवान डाव्या हाताने नोंद लिहीत होता. मी वाकून पाहिली. ‘वस्तू: लोकरीचा मफलर. भत्ता: लागू.’ लिहून झाल्यावर त्याने शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, आणि माझी किल्ली मला परत दिली.

मफलर आता गळ्यात आहे. अगदी बरोबर बसलाय. या वेळी खरं लिहितेय.

तुझी
ठमी